रेवतीचा जुना पासपोर्ट

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. देवापुढे बोलावं म्हटलं तर तिथेही नजर चुकवते. हात जोडते, दिवा लावते नि झटकन उठते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. बघू.

आधी रेवतीबद्दल सांगते. रेवती माझी धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. मी शारजाला रोल्ला भागात राहते, ती दुबई मरीनाला. इथे आधी आले मी — नोकरी शोधली, भाड्याच्या खोल्या बदलल्या, सगळं केलं. ती लग्न होऊन आली ती थेट एकविसाव्या मजल्यावर, समुद्र दिसणाऱ्या घरात. कानामागून आली नि तिखट झाली! माझ्या बाल्कनीतून काय दिसतं? समोरच्या बिल्डिंगचे एसी. पण घराचं मला एवढं नव्हतं — खरंच नव्हतं. माझं पोट दुखायचं ते अण्णांवरून.

अण्णा म्हणजे आमचे वडील. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं भूगोल शिकवला. रात्रीची जेवणं झाली की नकाशांचं पुस्तक उघडायचे आणि रेवतीला शेजारी बसवायचे. "सांग, नॉर्वेचा किनारा असा फाटका का?" ती तीन चुकीची उत्तरं ठोकून द्यायची. एकदा म्हणाली, उंदरांनी कुरतडला. अण्णा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. बरोबर उत्तर मला येत होतं. पण मी ताटं उचलत होते, मला कुणी विचारलंच नाही. "शुभदाची काळजी नाही, ती नाकासमोर चालणारी," एवढंच माझ्या वाट्याचं कौतुक. हे कौतुक तरी आहे का, सांगा?

आई गेल्यावर अण्णा पहिल्यांदाच इकडे आले, महिनाभरासाठी. राहिले रेवतीकडे. माझ्याकडे यायचे वीकेंडला, पाहुण्यासारखे, चप्पल दारात नीट जोडून. आणि रेवतीने शोधून काढलं की रास अल खैमाच्या पुढे बॉर्डर ओलांडली की ओमानचा मुसंदम म्हणून भाग लागतो. तिथे डोंगर थेट समुद्रात उतरतात, लोक त्याला अरबस्तानातला नॉर्वे म्हणतात. दुबईहून टूरची बस निघते, खसब बंदरात लाकडी होडीत बसवतात, संध्याकाळी परत. जन्मभर फळ्यावर खडूने फिओर्ड, नॉर्वेच्या डोंगरांत शिरलेल्या त्या चिंचोळ्या खाड्या, काढणाऱ्या माणसाला फिओर्ड दाखवायचा! हे ऐकल्यावर अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिथेच उभी होते. इतकी वर्षं मी या देशात आहे — मला का नाही सुचलं हे?

बुकिंग तिचं, कागदपत्रं माझी. ते ठरलेलंच. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत दिवसभर व्हिसा आणि परमिटचीच कामं करते, सगळ्या घराच्या फाइली माझ्या कॉम्प्युटरवर. आणि रेवती म्हणजे आमची अधिकृत वेंधळी. बॉर्डरसाठी प्रत्येकाच्या पासपोर्टची कॉपी टूरवाल्याला आधी पाठवावी लागते. त्याने दिलेल्या यादीत नाव आणि नंबर असेल तरच आत सोडतात. रेवतीच्या फाइलीत दोन स्कॅन होते. जुना पासपोर्ट तिने मुदतीआधीच बदलला होता. पानं भरली ना, फिरत असतात राजाराणी! त्यामुळे नुसती तारीख बघून कोणता चालू आणि कोणता बाद ते कळत नव्हतं. घाईघाईत माझ्या हातून जुना गेला.

चुकून गेला. इथपर्यंत चुकूनच — शपथेवर सांगते. पुढचं चुकून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात ते माझ्या लक्षात आलं. नवा पाठवायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी मेल उघडलीही होती. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. म्हणाले, "शुभदा, बसमध्ये पुढच्या सीटवर मी आणि रेवती बसतो. तिला वाटेतले खडक दाखवायचेत. तू नि जावई मागे बसा, निहारकडे बघा." निहार माझा मुलगा, दहा वर्षांचा. मी म्हटलं, बरं अण्णा. फोन ठेवते न ठेवते तोच टूरवाल्याचा फोन. "मॅडम, लिस्ट फायनल कर दूँ? सब चेक किया ना?"

"हां, फायनल," मी म्हणाले. आणि उघडलेली मेल बंद केली.

काय घोडं मारलं होतं तिने माझं? काहीच नाही. तिच्या हे गावीही नव्हतं. शनिवारी ती सगळ्यांसाठी मेथीचे ठेपले घेऊन बसमध्ये चढली, निहारला खिडकी दिली. तिचा नवरा कामासाठी परदेशी होता, म्हणून तर आणखीच खुशीत — "आज मी फक्त अण्णांची मुलगी!" रास अल खैमा मागे पडलं, डोंगर रस्त्याच्या अंगावर आले, आणि पुढच्या सीटवरून त्या दोघांचं हसणं ऐकू येत राहिलं. अजूनही टूरवाल्याला फोन करून नवा नंबर देता आला असता. मी केला नाही. मी घड्याळ बघत होते.

ओमानच्या खिडकीवर तिला थांबवलं. पासपोर्ट हातात नवा, यादीत नंबर जुना. आपल्याकडे जुना पासपोर्ट नव्याला स्टेपल करून ठेवतात ना, तसा तिने ठेवला होता. ती दोन्ही उघडून दाखवत होती, सेम पर्सन, सर, प्लीज. तो ऑफिसर शांतपणे मान हलवत होता. खलास. बस थांबलेली, लोक घड्याळं बघायला लागलेले, आणि अण्णा भडकले. सगळ्या बसच्या देखत. "चाळिशी आली, एक कागद धड सांभाळता येत नाही! लाज वाटते की नाही?"

या वाक्यासाठी मी लहानपणापासून कान लावून बसले होते. आणि मला बरं वाटलं. हो. गोड वाटलं.

तिच्याबरोबर परत जायला अण्णा बसमधून उतरायला निघाले होते, तिनेच त्यांना हाताला धरून परत बसवलं. मग माझ्यापाशी आली. मला वाटलं, कळलं हिला. ती म्हणाली, "सॉरी ताई. मीच तुला काहीतरी भलतं दिलं असणार. तू एवढी धावपळ केलीस आणि मी घाण केली." टूरवाल्याने तिला दुबईला परतणाऱ्या एका गाडीत बसवून दिलं. निहारने विचारलं, "Why isn't Maushi coming?" मी त्याला ज्यूस दिला.

पुढच्या सीटवर मी बसले. होडीतही अण्णांच्या शेजारी मीच. दोन्ही बाजूंनी उघडे, करडे डोंगर आणि मध्ये हिरवंगार पाणी. अण्णा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "फिओर्ड नव्हे हा. सांग, का नव्हे?" मी सांगितलं. फिओर्ड हिमनदी कोरते, इथे हिमनदी कधी नव्हती; इथली जमीन खाली बसली आणि दऱ्यांमध्ये समुद्र शिरला. "बरोबर," अण्णा म्हणाले. आणि गप्प झाले. बरोबर उत्तरावर पुढे बोलायचं काय असतं?

थोड्या वेळाने म्हणाले, "पोरीला उगाच बोललो मी. चारचौघांत. तिची केवढी हौस होती. घरी गेलो की जवळ घेतो तिला."

पासपोर्टचं सोडा. मला जे सांगायचंय ते हे आहे. मी म्हणाले, "नाही अण्णा, बरोबर बोललात. लाडांनीच ती अशी झालीय. आता मऊ पडलात तर ती कधीच शिकायची नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू म्हणतेस तर तसंच असेल. तुला कळतं." जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिच्या बाबतीत माझं ऐकलं.

आणि खरंच ते तिला काही बोलले नाहीत. चार दिवसांनी साताऱ्याला गेले. सात महिन्यांनी, झोपेतच, वारले.

याला तीन वर्षं झाली. रेवती आता कुठलाच फॉर्म स्वतः भरत नाही, माझ्याकडे पाठवते. तिला स्वतःचा भरवसा उरलेला नाही. आणि अण्णांच्या तिथीला माझ्याकडे येते, नैवेद्य झाला की ओट्यापाशी उभी राहून हळूच तेच विचारते — होडीत काही बोलले होते का गं ते माझ्याबद्दल?

मला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ आहे. सांगत नाही ते माझं बिंग फुटेल म्हणून नाही; पासपोर्टचा उल्लेखही न करता ते सांगता येईल. पण ते सांगितलं की तो होडीतला दिवससुद्धा तिचा होतो. मला तेवढा एकच मिळालाय.

परवा तिथी होती. तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही बोलले."