वॉर्डात दूधताई आली तेव्हा

प्रसूतीच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. एकदोन नव्हे, सव्वीस वर्षं. या काळात डॉक्टर आले नि गेले, पण बाळ छातीला लागेना, आई रडकुंडीला आली, की हाक एकच: "मोठ्या सिस्टरांना बोलवा." त्या यायच्या, पडदा ओढायच्या, बाईच्या पाठीमागे उशी कोंबायच्या आणि बाळाची मान तळव्यात धरून असं काही लावून द्यायच्या, की थोड्याच वेळात चुकूचुकू आवाज सुरू. "हातात जादू आहे हो तुमच्या," बाया म्हणायच्या. "जादू कसली, सवय," असं म्हणून सिस्टर पुढच्या खाटेकडे वळायच्या. पण घरी जेवताना नवऱ्याला ते वाक्य जसंच्या तसं ऐकवल्याशिवाय त्यांना घास उतरत नसे.

मग एका सोमवारी ती आली. मोडक्या पाळण्यांची अडगळ असलेली कोपऱ्यातली खोली रिकामी करून दारावर पाटी लागली, 'स्तनपान सल्लागार'. वय जेमतेम तिशीचं. पिशवीत एक कापडी बाहुली आणि लोकरीने विणलेला स्तन. तो पाहून सिस्टरांनी नाक मुरडलं. "इथे खरे कमी पडले म्हणून लोकरीचा आणलाय."

पण महिन्याभरात बायांनी तिचं नाव दूधताई ठेवलं. ती खाटेशेजारी बुटक्या स्टुलावर बसायची, विचारल्याशिवाय हात लावायची नाही, आणि अर्धा अर्धा तास नुसतं ऐकून घ्यायची. सिस्टरांना हे बघवेना. चाळीस खाटांच्या वॉर्डात गप्पा मारायला वेळ कुणाला असतो? पुढे एकदा सहा नंबरच्या खाटेवरची बाई त्यांना म्हणाली, "तुम्ही राहू द्या सिस्टर, दूधताई येतायत." औषधांच्या खोलीत जाऊन सिस्टरांनी सगळे ट्रे उगाच आपटून आपटून पुन्हा लावले.

त्याच सुमारास त्यांची लेक बाळंत झाली, त्यांच्याच वॉर्डात, दिवस भरायच्या सात आठवडे आधी. मुलगी सोळाशे ग्रॅमची. काचेच्या पेटीत, नाकात नळी. एवढ्या लहान जिवाला ओढून पिता येत नाही. आईने दूध काढून द्यायचं आणि ते नळीने पोटात सोडायचं. सिस्टरांच्या काळजाचं पाणी झालं होतं, पण मनात एक खात्री होती, आता लेकीला माझीच गरज लागणार.

दुसऱ्या दिवशी लेक म्हणाली, "आई, त्या ताईंना बोलावशील?"

"का? मी काय मेले का?"

"तसं नाही गं." लेक चादरीचं टोक चुरगाळत राहिली. "तुझ्यासमोर मला रडता येत नाही."

सिस्टरांनी स्वतः जाऊन दूधताईला बोलावलं. पडद्याआडून आधी रडणं ऐकू आलं, मग कुजबुज, आणि थोड्या वेळाने चक्क हसू. माझ्या पोटची पोर, आणि हसते कुणाजवळ! सिस्टरांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दूधताईने लेकीला वेळापत्रक करून दिलं. पंपाने दिवसरात्रीत आठ वेळा दूध काढायचं, थेंबच आले तरी वेळ चुकवायची नाही. पहिल्या दिवशी बाटलीचा तळ जेमतेम ओला झाला. सहाव्या दिवशी एका वेळेला पंचेचाळीस मिली निघालं. लेकीने बाटली उंच धरली आणि हाक मारली, "ताई, बघा!" समोर आई उभी होती. लेकीचं तिकडे लक्षही गेलं नाही.

दुपारी सिस्टर खाटेवर येऊन बसल्या. "किती पिळून काढशील स्वतःला? डोळे बघ कसे खोल गेलेत. दर तीन तासांनी कशाला? चांगलं भरून येऊ दे, मग काढ. एकदम जास्त निघेल." हे त्या सव्वीस वर्षं सांगत आल्या होत्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. पण सांगताना त्यांनी आवाज खाली घेतला होता आणि एक नजर दारावर ठेवली होती.

लेकीने आईचं ऐकलं. तीन दिवसांत पंचेचाळीसचं वीसवर आलं. नातीची नळी भरायला डब्यातली दुधाची पावडर कालवावी लागली.

सिस्टर रक्तदाबाचं यंत्र घेऊन आल्या, तेव्हा पडद्याआड दूधताई विचारत होती, "वेळा चुकल्या का?"

"हो," लेक म्हणाली. "मला झोप लागायची. माझंच अंग कामचुकार आहे, ताई."

सिस्टर जागच्या जागी थबकल्या. पोर खोटं बोलत होती, आईसाठी. तोंड उघडलं नाही तर गोष्ट इथेच मिटणार होती. त्यांनी पडदा सारला.

"झोप नाही लागली तिला. मी सांगितलं होतं, भरून आल्यावर काढ म्हणून."

आता ही चिडेल, मग आपणही दोन शब्द सुनावू, अशा तयारीने त्या उभ्या होत्या. दूधताई चिडली नाही. "पुष्कळजणी तसंच सांगतात," ती म्हणाली. "पण भरून राहिलं की अंगाला वाटतं, पुरे झालं. रिकामं होत गेलं तरच ते आणखी बनवतं. हरकत नाही, परत वाढेल. पंपानंतर उरलेलं हाताने काढायचं तुम्ही शिकवाल का हिला? तुमच्यासारखा हात माझा नाही."

तिने मोठ्या मनाने म्हटलं होतं, आणि तेच सिस्टरांना जास्त झोंबलं. तिच्या जागी त्या असत्या, तर त्यांनी अख्ख्या वॉर्डासमोर पाणउतारा केला असता. हेही त्यांना कळत होतं.

त्या दिवशी घरी जाताना त्या बसमध्ये बसून आठवत राहिल्या, 'माझं आटलं हो' म्हणत पावडरचा डबा घेऊन घरी गेलेल्या बाया. चेहरे आठवेनात. संख्या तर मोजवेचना.

दुसऱ्या दिवसापासून त्या लेकीजवळ बसू लागल्या. अंगठा वर, बोटं खाली, आधी मागे छातीकडे दाब, मग हलकेच पुढे. घड्याळ दूधताईचं, हात सिस्टरांचे. पेटीतून काढलेली नात लेकीच्या उघड्या छातीवर तासन्‌तास निजायची. आठवड्याभरात पन्नास मिली आलं. चौथ्या आठवड्यात नात स्वतः पिऊ लागली, आणि घरी जायचा दिवस उजाडला. लेकीने आधी दूधताईला मिठी मारली. सिस्टर पिशव्या सांभाळत दारात उभ्या राहिल्या. पोटात पुन्हा तेच दुखलं, अगदी पहिल्यासारखं.

ते दुखणं काही गेलं नाही. पण वॉर्डात आता सिस्टर प्रत्येकीला बजावतात, "तीन तासांच्या वर जाऊ द्यायचं नाही." कुणी शिकवलं, ते मात्र सांगत नाहीत. परवा एक नवी बाळंतीण म्हणाली, "दूधताईंनीही हेच सांगितलंय."

"असं?" सिस्टरांनी तिच्या पाठीमागची उशी ठोकून सारखी केली. "आधी कोण आलं होतं, ती की मी?"