आजच्या लेंडीत मी नव्हतो

नव्वदच्या दशकातली एक सकाळ. जानेवारी होता. रोह्याहून कोलाडकडे जाताना लागणाऱ्या एका गावाच्या टेकडीवर मी गप्प बसलो होतो... आणि गप्प बसणं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

पेणहून पहिल्या एसटीने आलो होतो. गावोगाव भाषणं करत फिरणारा माणूस मी; चारच दिवसांपूर्वी याच गावच्या देवळासमोर तासभर भाषण ठोकलं होतं. शहरातून एक बाई आली आहे, वानरांवर प्रयोग करते, असं कुणीतरी कानावर घातलं होतं. झालं... पिंजरे, सुया, मुक्या जिवांचं रक्त, सगळं काढलं मी. टाळ्या दणकून पडल्या आणि गावाने ठरवलं, बाईंनी रविवारच्या आत मुक्काम हलवावा.

त्या बाई म्हणजे मृणाल, पंचविशीतली एक संशोधक मुलगी. ती भांडायला आली नाही. पेणला माझ्या घरी येऊन एवढंच म्हणाली, एक दिवस माझ्याबरोबर चला, मग हवं ते बोला.

तिच्याकडे ना पिंजरा होता, ना सुई. ती वानरांना हातही लावत नव्हती. ती फक्त त्यांच्या लेंड्या गोळा करायची! ताजी लेंडी उचलायची, अल्कोहोलच्या नळीत टाकायची, कुणाची आणि किती वाजताची ते वर लिहायची. मादी गाभण आहे का, घाबरलेली आहे का, हे प्रयोगशाळेत त्यातून कळतं म्हणे. मी एवढी पुस्तकं वाचलेला माणूस, मला हे ठाऊकच नव्हतं.

त्या दिवशी तिला एकाच वानरीची लेंडी हवी होती. तुटक्या शेपटीची, पोटाशी तान्हं पिल्लू असलेली. परवा कळपात नवा हुप्प्या शिरला होता, आणि नवा नर आधीच्या नराची पिल्लं मारतो. आईच्या अंगात उसळलेली भीती लेंडीत उतरायला एक ते दोन दिवस लागतात... म्हणजे परवाची भीती आज सापडणार होती. महिनाभर मृणालने त्या वानरीचा एकही दिवस चुकवला नव्हता.

सात वाजले, आठ वाजले. वानरी खाली बसायला तयार नाही, आणि मी एका जागी बसायला तयार नाही. गवताच्या काड्या मोडून झाल्या, चप्पल काढून परत घालून झाली. मृणालने दोनदा ओठांवर बोट ठेवलं.

आणि मग हुप्प्या फांदीवरून सरळ त्या पिल्लावर झेपावला.

माझ्या तोंडून आवाज निघाला. माईकशिवाय मैदान भरेल असा... हुप्प्या दचकून बाजूला झाला, पण सगळा कळपच उधळला आणि टेकडी उतरून शेतांकडे गेला. क्षणात झाडं रिकामी.

मृणाल रागावली नाही. तिने घड्याळ बघितलं, वहीत वेळ लिहिली आणि हळूच म्हणाली, "उद्याच्या लेंडीत आता तुम्हीपण असाल, भाऊ."

टीका मी पुष्कळ ऐकली आहे. हे वाक्य मात्र अजून टोचतं... सुया टोचू नका म्हणून गाव पेटवणारा मी, आणि त्या जिवाच्या अंगात भीती घालून आलो तोही मीच. आजची लेंडी हातची गेली होती आणि उद्याच्या लेंडीवर भरवसा नव्हता.

आम्ही टेकडी उतरलो. खाली ठकूबाईंचं वालाचं शेत होतं. भात निघाल्यावर वाल लावायचा आणि शेंगा धरल्या की गोफण घेऊन वानरं राखायची, हे तिथल्या घराघरातलं काम. माझ्या सभेत त्या पहिल्या रांगेत होत्या.

ठकूबाई बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. गोफण बाजूला पडलेली, समोर पळसाचं पान पालथं घातलेलं.

"तुटक्या शेपटीचीच हाय गो," त्या मृणालला म्हणाल्या. "हात नाय लावला. तुझ्या नळीत तूच घे."

कळप उतरला तेव्हा त्यांनी दगड मारला नव्हता. लेकुरवाळी घाबरलेली दिसली, आणि मृणालला तिचीच लेंडी हवी असते हे त्यांना माहीत होतं. म्हणून गोफण खाली ठेवून त्या बसून राहिल्या. वानरीने अर्धा वाफा ओरबाडला, तरी हलल्या नाहीत.

मृणालने नळीवर वेळ लिहिली आणि कुणी पाहिलं त्या जागी ठकूबाईंचं नाव.

मला राहवलं नाही. ही मुलगी काय करते ते तुम्हाला माहीत होतं का, म्हणून मी विचारलं. महिनाभर बघतेय, त्या म्हणाल्या, नुसत्या लेंड्या तर वेचते. मग माझ्या भाषणाला टाळ्या कशाला वाजवल्या?

"भाषण चांगलं झालं म्हणून," ठकूबाई म्हणाल्या. "आवाज हाय तुमचा. वाल राखायला या, गोफण नाय लागायची."

रविवारी त्याच देवळासमोर पुन्हा उभा राहिलो. मी चुकलो, ही मुलगी इथेच राहू दे, एवढंच बोललो आणि बसलो. टाळी एकही पडली नाही... पण मृणाल पुढे वर्षभर तिथे राहिली.

आजही माईक हातात घेताना पहिल्या रांगेकडे बघतो. टाळ्यांनी हुरळून जाणं माझं त्या बांधावर सुटलं... ठकूबाई, तुमचा अर्धा वाफा वाल माझ्याकडे अजून बाकी आहे.