थोआताईची चटई
व्हिएतनाममधल्या दा नांगच्या आमच्या कंपनीत दुपारच्या जेवणानंतर थोआताई दिवे मालवायची आणि अख्खा मजला टेबलांखाली चटया पसरून झोपायचा. एरवी आमच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हे तिचं काम. परदेशात शिकून आलेले नवे साहेब, लाम, एकदा म्हणाले, "उद्यापासून दुपारी दिवे चालूच राहतील."

"राहू देत. पण आज तरी झोपून बघ, धाकट्या. डोळे बघ, शिळ्या माशासारखे झालेत," म्हणत तिने स्वतःची चटई त्यांना दिली.

दीड वाजला, कामाची वेळ झाली, तरी साहेब घोरत होते. आम्ही अंधारातच उठून बसलो. थोआताई दिव्यांच्या बटणापाशी भिंतीला टेकून उभी होती. दोनला जागे झालेल्या साहेबांनी घड्याळ पाहिलं, चटईची नीट घडी केली आणि हळूच विचारलं, "ताई, ही कुठे मिळते?"