दोक्सूमामाचं सोल ते जेजू

माझ्या दोक्सूमामाला सोल आणि आमच्या जेजू बेटामधलं अंतर नुसतं विचारून चालत नाही. कशासाठी विचारताय, ते आधी सांगावं लागतं.

सोलच्या लोकांत बसला की मामा मान मागे टाकतो. "छे! लांब कसलं? विमान उठलं, सरबत आलं, सरबत संपेपर्यंत जेजू. पंचावन्न मिनिटं!"

सप्टेंबरच्या तोंडावर, पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापायला आजोबा बोलावतात, तेव्हा तोच मामा फोनवर विहिरीतून बोलल्यासारखा बोलतो. "बाबा, पंचावन्न मिनिटं फक्त हवेतली हो. घरापासून गिम्पो विमानतळ सव्वा तास. मग रांग. मग पट्टा काढा, पट्टा घाला. वर तुमच्याकडचा वारा! उतरूच देत नाही मेला."

चार वर्षं विमान उतरलं नाही. आजोबांनी एकट्याने गवत कापलं. यंदा त्यांचा गुडघा गेला. आमच्याकडे थडग्यावर गवत माजलं, की त्या घरात कोणी उरलं नाही असं गाव धरून चालतं. आजोबांची झोप उडाली.

"मी कापते की," आई म्हणाली.

"तू लग्न करून को घराण्यात गेलीस. बू घराण्याच्या थडग्यांवरचं गवत बू माणसानेच कापायचं."

"मग बू कुठाय?"

"विमानात बसेल," आजोबा भिंतीकडे बघत म्हणाले.

रविवारी आम्ही तिघं टेकडीवर गवताकडे बघत बसलो होतो, तर खालून टॅक्सी चढत आली. आतून मामा उतरला. पांढरी पँट, गोल्फचे बूट. मागून त्याचे साहेब, आणि सगळ्यांच्या पुढे टॅक्सीवाला, कारण गोष्ट त्याला सांगायची होती.

मामाने साहेबांना गोल्फ खेळायला आणलं होतं. टॅक्सीत मामा म्हणाला, "हे माझंच गाव समजा, साहेब. मनात आलं की येतो."

टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं, "कुणाचे तुम्ही?"

मामाने फुशारकीत सांगितलं.

"बू म्हाताऱ्याचे थोरले? मग आज गवत कापायला नाही?"

साहेब ताठ बसले. "दोक्सू, घरी थडग्यांचं काम, आणि तू मला गोल्फला नेतोयस?"

"नाही नाही, साहेब! आधी तिकडेच... वाटेतच आहे!"

गोल्फचं मैदान बेटाच्या दुसऱ्या टोकाला. टॅक्सीवाल्याने गाडी वळवली.

आजोबांनी गवत कापायचं यंत्र मामाच्या गळ्यात अडकवलं. पणजीच्या थडग्याची हजामत होईपर्यंत पांढरी पँट हिरवी झाली. साहेब सावलीत बसून डुकराचं मटण आणि भात खात होते. खाता खाता त्यांनी विचारलं, "दरवर्षी येतो का हो हा?"

मामाचं यंत्र बंद पडलं.

आजोबांनी साहेबांच्या वाटीत तांदळाची दारू ओतली. "दरवर्षी. मी म्हणतो, दमतोस रे, नको येऊस. ऐकेल तर शपथ."

आईला ठसका लागला. साहेबांचे डोळे भरून आले. "असा मुलगा मिळायला भाग्य लागतं."

"लागतं ना," आजोबा म्हणाले, आणि दगडी बांधापलीकडच्या कंबरभर गवताकडे बोट दाखवून गोड आवाजात पुढे, "बाळा, आता तुझ्या पणजोबांचं घे."