चोवीसवर अडकलेला ढीग

संघदीप नेमकं काय काम करतो, हे राळेगावात कुणालाच धड सांगता येत नसे. त्याची आई रुखमाबाई "पोरगा काम्प्युटरच्या पोटातलं पाह्यते" एवढं सांगून मोकळी व्हायची. खरं म्हणजे पुण्याच्या त्याच्या कंपनीतल्या बड्या लोकांनाही याहून फार जास्त सांगता आलं नसतं. ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्या कर्नलमधल्या चुका तो शोधायचा, आणि त्यातही एकाच प्रकारच्या: वापरात असलेली वस्तू मोडीत निघाल्याच्या.

भानगड तशी साधी आहे. मेमरीत तयार होणाऱ्या वस्तूवर एक आकडा असतो, ती आत्ता किती जणांच्या हातात आहे याचा. घेणाऱ्याने तो एकाने वाढवायचा, सोडणाऱ्याने एकाने कमी करायचा. शून्य झालं की कर्नल ती जागा दुसऱ्या कुणाला देऊन टाकतो. कुणी सोडायचं विसरलं तर जागा अडून राहते आणि यंत्र हळूहळू कोंडतं. ते एक वेळ परवडलं. पण वस्तू कुणाच्या हातात असतानाच आकडा शून्य झाला, तर तो बिचारा मेलेल्याशी बोलत बसतो, आणि वाईट म्हणजे मेलेलं उत्तरही देतं. या दुसऱ्या चुकीची संघदीपला मनापासून भीती वाटायची.

बोंडअळीच्या त्या वर्षी घरून काम करायची सोय झाली आणि तो गावी आला. आईला जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यातलं, काम सोडायला लावायचं, हा खरा बेत. आई बधली नाही. "घरी बसून भिताडं पाहू काय?" म्हणाली, नाकातोंडाला फडकं बांधलं आणि निघाली. त्या हंगामात अळीतून वाचलेला कापूस अवकाळीने भिजवला होता. तोच ओला कापूस पडत्या भावात उचलून जिनिंगवाल्यांनी आवारात मोठा थोरला ढीग लावला होता. ओला कापूस ढिगात पोटातून तापतो, धुमसतो, बाहेरून मात्र पांढराशुभ्र दिसतो. म्हणून ढिगात जागोजागी लोखंडी सळ्या खुपसल्या होत्या. त्यांच्या टोकांना लावलेली यंत्रं आतलं तापमान केबलने ऑफिसातल्या एका छोट्या कॉम्प्युटरला, म्हणजे तिथल्या भाषेत डब्याला, कळवायची. आकडा वाढला की डब्यावरचा भोंगा वाजायचा. निदान वाजायला हवा होता.

डबा अधूनमधून बंद पडतो म्हणून मॅनेजर शंकरसिंगने संघदीपला बोलावलं. तो बसवणारा माणूस धंदा गुंडाळून केव्हाच निघून गेला होता. संघदीप पडद्यासमोर बसला, आणि बंद पडण्याचं त्याच्या डोक्यातूनच गेलं. सगळ्या सळ्या चोवीस अंश दाखवत होत्या. कालच्या आकड्यांतही सकाळच्या गारठ्यात चोवीस, ऊन डोक्यावर आलं तरी चोवीस, ढिगाच्या काठाला चोवीस आणि पोटातही चोवीस.

"हे कधीपासून असं हाय?" त्याने विचारलं.

"चांगलंच हाय ना भाऊ," शंकरसिंग म्हणाला. "थंड हाय ढीग. तुम्ही फक्त बंद पडायचं पाहा."

खिडकीतून ढीग दिसत होता, आणि त्याच्या अंगावर चढून कापूस ओढणाऱ्या बायकाही. त्यांत आईचं निळं लुगडं त्याने ओळखलं. 

फिटर बाबुलालला त्याने केबलबद्दल विचारलं.

"रोज उपसतो ना," बाबुलाल अभिमानाने म्हणाला. "भोकात रुई जाऊन बसते. केबल काढतो, हवा मारतो, परत लावतो."

"डबा बंद करून?"

"बंद कायले करू? मिनिटाचं तर काम हाय."

कंपनीच्या चकचकीत खोल्यांत चालत्या यंत्राची केबल रोज उपसणारा माणूस कुठून असणार? इथे रुई उडते, म्हणून बाबुलाल होता, आणि म्हणून ही चूकही इथेच दिसत होती. केबल निघाली की सळ्यांची नोंद कर्नलमधून नाहीशी व्हायची आणि परत लावली की नवी तयार व्हायची. भोंग्याचा प्रोग्राम मात्र जुन्या, मेलेल्या नोंदीला चिकटून तिचं शेवटचं चोवीस वाचत बसायचा. ती जागा दुसऱ्या कुणी वापरायला घेतली की डबा बंद पडायचा. तेवढं संघदीपला लवकर उमगलं. पण नोंद वापरात असताना मरत होती कशी? कुणीतरी न मोजता घेत असणार, असं धरून तो सकाळभर कोड वाचत राहिला. घेणारा प्रत्येक जण इमानदारीने आकडा वाढवत होता. संघदीप स्वतःवरच चिडला आणि पाय मोकळे करायला बाहेर पडला.

बाहेर सरकी वाहून नेणारा पट्टा तुंबला होता. त्याच्या खड्ड्यात उतरणारी बाई चपला काठावर काढून ठेवते, आणि काठावर चपला आहेत तोवर बटण दाबायचं नाही, असा तिथला रिवाज. आधी त्यातून सुखीबाई एकटीच वर आली. आपल्या चपला तिने पायात घातल्या, शेजारचा जोड उचलून सावलीला नेऊन ठेवला. काठ मोकळा दिसला, तसा पट्टा चालवणारा माणूस बटणाकडे निघाला.

"थांब बे!" संघदीप जिवाच्या आकांताने ओरडला. सावलीतल्या त्या चपला त्याच्या आईच्या होत्या.

रुखमाबाई सरकीने माखलेली वर आली. "काहून ओरडून राह्यला गावभर?"

"अव माय, रुखमाच्या चपला उन्हात तापत होत्या, म्हणून ठेवल्या मी," सुखीबाई ओशाळून म्हणाली. बायका हसल्या. संघदीपला हसू आलं नाही. तो तडक ऑफिसात जाऊन पुन्हा कोडासमोर बसला.

कोडातही त्या चपलांसारखंच झालं होतं: न मोजता घेणारा कुणी नव्हताच. सोडणं दोनदा होत होतं. केबल निघाली की एक कोड नोंद सोडायचा, ते ठीक. पण वाचताना अडखळलेला दुसरा कोडही जाता जाता आवराआवर म्हणून भोंग्याच्या वाट्याची नोंद सोडून द्यायचा. दोघांचा हेतू भला, आणि वापरणारा आतच. संघदीपने ते आगाऊ सोडणं काढून टाकलं. वस्तू गेली हे वापरणाऱ्याला आधी कळेल, मग तोच हातातली जुनी सोडून नवी घेईल, अशी सोय केली. डबा परत सुरू केला, बाबुलालला केबल उपसायला लावली, पुन्हा लावायला लावली.

भोंगा वाजायला लागला.

"बिघडवलं ना!" शंकरसिंग किंचाळला. "बंद करा ते!"

आपलंच काही चुकलं, असंच संघदीपलाही आधी वाटलं. बाकी सळ्या आता वेगवेगळे, गार आकडे दाखवत होत्या. मधली एकच सत्तरच्या पुढे होती आणि वर सरकत होती. त्याने बदललेल्या ओळी पुन्हा वाचल्या. केबल पुन्हा काढायला लावली, पुन्हा जोडायला लावली. तीच सळी, तोच आकडा, थोडा वाढलेला. शंकरसिंगने भोंग्याच्या वायरला हात घातला, तसा संघदीपने त्याला बाजूला ढकललं आणि तो ढिगाकडे पळत सुटला.

बायका जेवायला बसल्या होत्या, ढिगाच्या मधोमध, त्याच सळीला टेकून. भोंगा कधी वाजलाच नव्हता, त्यामुळे कुणी मान वर करून पाहिलं नाही. त्याने आईला दंडाला धरून ओढलं, बाकीच्यांवर खेकसला, जेवणाचे डबे तिथेच टाकायला लावून सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. बाबुलालने सळी उपसायला हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. गड्यांनी लांब दांड्याच्या काट्यांनी सळीभोवती उकरलं. कापूस आधी पिवळा, मग काळा निघाला, मग आत लाल दिसलं. वारा लागताच ते भडकलं, आणि बायका बसल्या होत्या ती जागा बघता बघता आत ढासळली. पाण्याचा पाइप आणून गडी त्यावर पाणी मारायला लागले.

फाटकाबाहेर रुखमाबाई त्याच्याकडे पाहत उभी होती.

"माय, तुमी नेमक्या तिथंच कायले बसल्या?" त्याने विचारलं. 

"थंडी हाय ना बाबू," ती हळू आवाजात म्हणाली. "तिथं बसलं का बुडाले मस्त ऊब लागे. परवापासून तिथंच जेवून राह्यलो आमी. सुखी तर काल झोपली होती तिथं."