रहाडीतला धप्पा

रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात. चौकातली माती आणि फळ्या काढल्या की खाली खोल दगडी हौद निघतो. त्यात फुलांचा उकळलेला रंग ओततात आणि माणसं काठावरून धडाधड उड्या टाकतात. त्या उडीला आम्ही धप्पा म्हणतो. एरवी वर्षभर त्यावरून स्कूटर, रिक्षा जातात. खाली हौद आहे हे कुणाच्या ध्यानातही नसतं.

आमचा मुलगा पाण्याला भितो, म्हणून त्याने कधी धप्पा मारला नाही, असं आमच्या घरी सगळे सांगतात. ही गोष्ट मी पसरवली. ती खोटी आहे.

नव्वदच्या दशकात, तो दुसरी-तिसरीत असेल, रहाडीच्या काठावर तो माझा हात ओढत होता. "चला ना अण्णा, आपण दोघं!" ओळखीचे लोक ओरडत होते, "अहो, या की साहेब!" मी मागे सरकलो. "हा घाबरतोय," म्हणालो आणि त्याला ओढत घरी आणलं. वाटेत तो म्हणाला, "मी कुठे घाबरलो?" मी पावलं भराभर उचलली.

घाबरलो होतो मी. त्याच्याएवढा असताना काकांनी मला मागून ढकललं होतं. नाकातोंडात रंग गेला, रडत वर आलो तर सगळी गल्ली हसत होती. वडीलही. त्यानंतर मी कुणासमोर रडलो नाही. पण तो भिजलेला पोरगा आत तसाच कुडकुडत राहिला, आणि त्याची भीती मी माझ्या मुलाच्या नावावर खपवली.

मी निवृत्त झालो त्या वर्षी मुलगा-सून रंगपंचमीला आले. तिघं रहाडीकडे निघताना सून हसत म्हणाली, "ह्यांना काठापासून लांब ठेवा हं, अण्णा!" मुलगाही हसला. ते हसू मला सहन होईना.

रहाडीपाशी ढोल वाजत होते. मी मुलाच्या कानाशी ओरडलो, "तू घाबरला नव्हतास! मी घाबरलो होतो!"

तो माझ्याकडे वळला. "आणि मला इतकी वर्षं वाटायचं, मीच खरंच घाबरलो असेन."

"चल, मारायचा धप्पा?"

"अण्णा, तुमचे गुडघे?"

"गुडघ्यांना विचारतंय कोण!"

"आजोबा, कवळी काढून ठेवा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मी मुलाचा हात घट्ट धरला आणि उडी मारली.

धप्प! पिवळाधमक रंग नाकातोंडात गेला, अगदी तेव्हासारखाच. वर आलो तर सगळे हसत होते, तेही तेव्हासारखेच. पण सगळ्यांत मोठ्याने हसत होतो मी, आणि मुलाचा हात अजून माझ्या हातात होता.

निथळत सुनेसमोर उभा राहिलो. "ऐक. भित्रा मी होतो. हा कधीच नव्हता."

"अगंबाई! मग आता?"

आता काय! मी केव्हाच मुलाला काठाकडे ओढायला लागलो होतो. "चल ना रे, आपण दोघं!"