वस्तीच्या विहिरीचे श्रेय

‘परदेशी तरुणाला भर उन्हात एकट्याने कुदळ चालवताना पाहून वस्तीतील लोक खजील झाले, आळस झटकून उठले आणि विहीर झाली.’

आमच्या जुन्या पंचायतीच्या स्मरणिकेत हे वाक्य छापले आहे. लिहिणारे गृहस्थ तेव्हा गावात नव्हते. मी होतो, आणि त्या गावचा ग्रामसेवक होतो. या वाक्यात ऊन आणि कुदळ तेवढी खरी आहेत.

गाव मूर्तिजापूर तालुक्यातले, काळ साठच्या दशकातला. कायद्याने गावची विहीर सर्वांना खुली होती. प्रत्यक्षात बौद्ध वस्तीतल्या बाया नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यावर जात, आणि होळीपर्यंत तो आटे. तालुक्याच्या विकास गटाकडून वस्तीसाठी विहीर मंजूर झाली. बांधकाम सरकारचे, खोदाई लोकांनी श्रमदानाने करायची. यालाच आम्ही लोकवाटा म्हणत असू. मार्चअखेर खोदाई सुरू झाली नाही, तर मंजुरी परत जाणार होती.

त्याच सुमारास डोनाल्ड आला. सामुदायिक विकासाच्या कामासाठी परदेशातून आलेला स्वयंसेवक. पंचायतीच्या मागच्या खोलीत राही, पाणी उकळून पिई, सायकलवर हिंडे. तो दाढी करायला बसला की लोक समोर येऊन बसत. मराठी तो कुठेतरी पुस्तकातून शिकला होता. आमची वऱ्हाडी ऐकून बिचारा दर वाक्याला थांबे. मनाचा सरळ होता. त्याच्याशी माझे भांडण नाही.

सरपंच म्हणजे गावचे पाटीलच. त्यांनी आपल्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून जागा दाखवली, खुंटी ठोकली आणि कोतवालाकरवी दवंडी दिली: वस्तीतल्या दर घरातून एक माणूस श्रमदानाला हजर राहावा.

कोणीही आले नाही.

डोनाल्डने दोन दिवस एकट्याने खोदले. हाताला फोड आले. वस्तीतल्या एका म्हातारीने त्याला ताक दिले. कुदळीला मात्र कोणी हात लावला नाही. मंजुरी परत जायला आठवडाही उरला नव्हता. तेव्हा डोनाल्ड आणि मी किसनरावांकडे गेलो. वस्तीत त्यांचा शब्द चाले.

‘‘आपण स्वतःच्याच विहिरीसाठी का येत नाही?’’ डोनाल्डने पुस्तकी मराठीत विचारले.

‘‘आमच्याच विहिरीले आमाले दवंडी काहून, सायेब? तुमाले घरी जेवाले बसाले दवंडी लागते का?’’

मी म्हणालो, ‘‘किसनराव, ती फक्त सूचना होती.’’

‘‘सूचना तुमाले वाटते. आमच्या बापाले अशीच हाक येत होती. सरपण फोडाले चाल, सरकारी सायेबाचं सामान उचलाले चाल. हातची भाकर ठेवून तो पळे. छप्पन साली आमी ते सोडलं.’’ मग माझ्याकडे पाहून हसले. ‘‘आता गावाचे सेवक तुमी. नावातच लिवलं हाय.’’

बाजेवर बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो.

नव्या वाचकांसाठी सांगतो. गावाची हाक आली की विनामोबदला कामाला जायचे, याला वेठ म्हणत. धम्म स्वीकारल्यावर या घरांनी वेठ टाकली होती. आमच्या कार्यालयाने तिच्याच पद्धतीने हाक मारली आणि कामाला श्रमदान असे नाव दिले. लोक आळशी नव्हते. झिरा आटला तरी चालेल, पण त्या हाकेला ओ द्यायची नाही, असे त्यांनी ठरवले होते.

‘‘मग मी दोन दिवस कोणाचे काम केले?’’ डोनाल्डने मला विचारले.

‘‘पाटलाचं,’’ उत्तर किसनरावांनी दिले. ‘‘पण चांगलं खांदलं तुमी.’’

दुसऱ्या दिवशी मी मूर्तिजापूरला गटविकास अधिकाऱ्यांपुढे उभा राहिलो. दवंडी बंद करावी, सरपंचांना बाजूला ठेवावे आणि दिवस व जागा वस्तीने ठरवावी, असे मी म्हणालो.

‘‘सरपंचांशिवाय उद्घाटन? वर काय सांगू मी?’’

‘‘लोकवाटा आला, एवढेच सांगा, साहेब.’’

‘‘आणि नाही आला तर?’’

‘‘तर माझी बदली करा.’’

साहेबांनी बांधकामाच्या ओव्हरसियरला माझ्याबरोबर पाठवले. वस्तीने जागा दाखवली. ओव्हरसियरने ती योग्य ठरवली. रविवारी सकाळी सर्वांनी पंचशील म्हटले आणि खोदाई सुरू झाली. बायाही उतरल्या. डोनाल्डला निरोप गेला: यायचे तर पाहुणा म्हणून या. तो आला, आणि दोर ओढायला लागला. मुदतीच्या आत काम सुरू झाले, मंजुरी राहिली, आणि पावसाळ्यापूर्वी पाणी लागले.

स्मरणिकाकारांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुम्ही म्हणता तसे असेल, पण त्या गोऱ्याला पाहूनच त्यांना लाज वाटली असणार.’’ नोकरीत मी एक शिकलो: लोक कामाला येत नसतील, तर त्यांना बोलावले कसे हे आधी तपासावे. वाद मात्र या शिकवणीने मिटत नाही. तो मिटवायला त्यांनी गावात जाऊन पाहावे. वस्तीची विहीर विहारासमोर आहे. डोनाल्डने खोदलेला खड्डा नाल्याच्या पलीकडे सरपंचांच्या धुऱ्यावर तसाच आहे, आणि तो आजही कमरेइतकाच खोल आहे.